वाकसाची ढलपी, यंत्राची धूळ : सुताराच्या श्वासाचा इतिहास

१/
संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. या गावाने महाराष्ट्राच्या एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला आपले नाव दिले. तेथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी या ठिकाणी उत्खनन केले. कुऱ्हाडींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे: तांबे कोठून आले, ओतकाम कसे झाले, त्या कोणाच्या मालकीच्या असाव्यात. या धाग्यातला प्रश्न त्याहून लहान आहे. ती कुऱ्हाड लाकडावर पडली, तेव्हा जमिनीवर काय पडले?

२/
पडली ती ढलपी. बोटाएवढी, कधी तळहाताएवढी. ती उडते, पायाला लागते आणि मग चुलीत जाते. ती नाकात जात नाही.

३/
त्याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली कांस्याच्या चार भरीव मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची जोडी जुंपलेला रथ. रथावर उभा राहून हाकणारा माणूसही त्यात आहे. रथ कांस्याचा असला तरी ओतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता तो लाकडाचा. चाक, दांडी, जू, कणा हे सारे कोणीतरी तासले होते. याच नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन घरांतून खांबांच्या खळग्या मिळतात. म्हणजे नगर जिल्ह्याच्या भूमीवर लाकूडकामाला किमान तीन हजार वर्षांचा इतिहास आहे.

४/
या दीर्घ काळात हत्यारे बदलत गेली आणि प्रत्येक नव्या हत्याराने लाकडाचा कण आधीच्यापेक्षा बारीक केला. कुऱ्हाडीची ढलपी, वाकसाचा तासा, करवतीचा भुसा, काचकागदाची भुकटी, सँडरची धूळ. सुतारकामाची प्रगती मोजायची तर ती वस्तूच्या गुळगुळीतपणात मोजता येते, तशीच खाली पडणाऱ्या कचऱ्याच्या बारीकपणातही मोजता येते. दुसरे मोजमाप सहसा कोणी घेत नाही. सुताराचे आरोग्य मात्र त्याच दुसऱ्या मापात दडलेले आहे.

५/
गावगाड्यातील सुतारापासून सुरुवात करणे सोयीचे. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत सुताराचे स्थान होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही व्यवस्था ढासळू लागली होती, तरी मोडलेली नव्हती. नांगर, कुळव, पाभर, मोट ओढण्याचे सामान, बैलगाडी हे सुताराने करून आणि दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुते घ्यायचे. लाकूड बहुधा कुणब्यानेच आणायचे. नगरसारख्या कोरड्या मुलखात ते लाकूड म्हणजे मुख्यतः बाभूळ: कठीण, चिवट आणि बांधाबांधावर उपलब्ध.

६/
हे काम अंगणात चाले. लिंबाची सावली, फार तर पुढे काढलेली पडवी. सुतार उकिडवा बसून पायाच्या अंगठ्याने लाकूड धरी आणि वाकस चालवी. वाकस हे त्याचे मुख्य हत्यार. पटाशी, किंकरे, सामता, गुण्या, रंधा ही त्यामागची मंडळी. वाकसाखाली निघणारा तासा बोटाच्या पेराएवढा असे आणि घरची बाई तो टोपलीत भरून चुलीकडे नेई. काम संपले की अंगण झाडायचे, झाडण्यापूर्वी पाण्याचा शिडकावा करायचा. सडासंमार्जनाची ही रीत मराठी घरात धर्माचा भाग म्हणून आली असेल, पण ओली धूळ उडत नाही ही गोष्ट ती पाळणाऱ्यांना निश्चितच ठाऊक होती.

७/
म्हणून जुन्या सुताराला धुळीचा त्रास नव्हता, असे मात्र नाही. ओंडका चिरण्याचे काम दोघांचे. ओंडका तिवईवर तिरका टेकवायचा किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एकाने वर उभे राहायचे आणि एकाने खाली. लांब करवतीचा एकेक हेलकावा खालच्याच्या डोक्यावर भुसा सांडत असे. युरोपात असो वा दख्खनमध्ये, चिरकाम करणाऱ्या जोडीत खाली उभा राहणारा माणूस डोळे किलकिले करून आणि तोंडाला फडके बांधून काम करी. त्याच्या नावाची नोंद सहसा कोठे होत नाही. हाताने ओढलेल्या करवतीचा भुसा मात्र बराचसा जाड असतो. तो अंगावर पडतो, पापण्यांत अडकतो, घामाला चिकटतो; हवेत तासन्‌तास तरंगत राहत नाही.

८/
शिवाय या भुशाला किंमत होती. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला बर्फाचे पहिले जहाज आले. बर्फाच्या अशा व्यापारात तो विरघळून जाऊ नये म्हणून लाकडाचा भुसा वापरला जाई. इकडे मराठी घरांतून विसाव्या शतकात भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून बसवायचा, बाटली हळूच काढून घ्यायची आणि त्या पोकळीत जाळ घालायचा. वखारीतून भुशाचे पोते आणणे हे अनेक घरांतील मुलांचे ठरलेले काम होते. ज्या कचऱ्याला गिऱ्हाईक असते, तो कचरा आपोआप गोळा होतो. सुताराच्या धुळीतील सर्वांत बारीक भागाला गिऱ्हाईक कधीच मिळाले नाही.

९/
हा बारीक भाग आला गुळगुळीत करण्याच्या हौसेतून. रंध्याने लाकूड सपाट होते आणि त्यातून निघतात लांब, कुरळ्या साली. त्यांपासून श्वासाला धोका नाही. परंतु रोगण चढवायचे तर रंध्याच्याही पुढे जावे लागते. १८३३ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन ओकी यांनी काचेची पूड चिकटवलेला कागद कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायला आरंभ केला. काचकागद त्यापूर्वीही होता, पण तो आता स्वस्त आणि एकसारख्या प्रतीचा झाला. काचेचा प्रत्येक कण म्हणजे एक सूक्ष्म पटाशी. अशा हजारो पटाशा एका फटकाऱ्यात लाकडाला ओरखडतात, आणि प्रत्येकीची ढलपी डोळ्यांना न दिसण्याइतकी लहान असते.

१०/
येथे थोडे गणित आवश्यक आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला सुमारे चार सेकंद घेतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच एका मीटरसाठी पाच-सहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला लागतात जवळजवळ आठ तास.

११/
आठ तास म्हणजे कामाचा पूर्ण दिवस. शिवाय कामाच्या जागी हवा स्थिर कधीच नसते. माणूस हलतो, पंखा फिरतो, दार उघडते. सकाळी उडालेली सर्वांत बारीक धूळ संध्याकाळी सुतार घरी निघतो तेव्हाही हवेतच असते. जी धूळ दिसते ती बहुतांशी पडून जाते. जी दिसत नाही ती राहते. उन्हाची तिरीप खोलीत शिरली की तिचा थोडासा अंश चमकतो, एवढेच.

१२/
शरीराचीही चाळणी आहे. जाड कण नाकाच्या केसांत आणि ओलसर अस्तरात अडकतात. त्याहून लहान कण घसा आणि श्वासनलिकांच्या वळणांवर चिकटतात आणि कफाबरोबर वर ढकलले जातात. काही मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वाकस चालवणाऱ्या पूर्वजाला निसर्गाची ही चाळणी पुरत होती.

१३/
आता नगर शहराकडे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि नगर रेल्वेच्या नकाशावर आले. दुष्काळाने पोळलेल्या त्या मुलखात बाहेरचे सागवान, बाहेरचे लोखंड आणि बाहेरची हत्यारे आता सुलभपणे येऊ लागली. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिशनने मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून एक औद्योगिक शाळा उभी केली. सर डी. एम. पेटिट स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्स हे तिचे नाव. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी याच मिशनच्या डी. सी. चर्चिल या अभियंत्याने नगरमध्ये जलद चालणारा हातमाग घडवला. त्याची कीर्ती देशभर गेली.

१४/
अशा औद्योगिक शाळांचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. सुतारकाम ही जातीची बाब न राहता शिकण्याची विद्या झाली. ज्या मुलांच्या हाती कोणी पटाशी दिली नसती, त्यांच्या हाती ती आली. या गोष्टीचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याच वेळी कामाची जागाही बदलली. अंगण गेले आणि छप्पर आले. पायाच्या अंगठ्याची जागा बाकावरच्या व्हाइसने घेतली, उकिडवा सुतार उभा राहिला. नांगराऐवजी टेबल, खुर्ची आणि कपाट घडू लागले, आणि टेबलाला नांगराला कधीही न लागणारी एक गोष्ट लागते: घासून आणलेली चकाकी. बारीक धूळ आणि बंद खोली यांची गाठ देशभर पडली ती अशी, फर्निचरच्या मागणीतून.

१५/
योगायोग असा, की नगरला रेल्वे आली त्याच १८७८ साली अमेरिकेत धुळीने एक गिरणी उडवली. २ मे रोजी मिनियापोलिस शहरातील वॉशबर्न ‘ए’ या प्रचंड पीठगिरणीत हवेत तरंगणाऱ्या पिठाने पेट घेतला आणि स्फोटात १८ कामगार ठार झाले. पीठ काय आणि लाकडाची भुकटी काय, ज्वलनशील पदार्थ पुरेसा बारीक होऊन हवेत मिसळला की तो दारूसारखा पेटतो. ओंडक्याला काडी लावून तो पेटत नाही. त्याच ओंडक्याची तरंगती धूळ एका ठिणगीवर भडकते.

१६/
या भीतीतून धूळ पकडणारी यंत्रे निघाली. १८८५ साली जॉन फिंच यांना अमेरिकेत एका धूळसंग्राहकाचे पेटंट मिळाले. आज ज्याला सायक्लोन म्हणतात त्याचे ते आद्यरूप. कल्पना विलक्षण साधी आहे. निमुळत्या नरसाळ्यात धूळभरली हवा कडेने वेगात सोडायची. हवा गरगर फिरते, जड कण ताकाच्या रवीभोवतीच्या लोण्यासारखे मध्ये न येता बाहेर फेकले जातात, भिंतीवर आदळून खाली घसरतात आणि बरीचशी स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. हलणारा भाग एकही नाही. लाकडाच्या गिरण्यांनी हे नरसाळे चटकन उचलले, कारण गोळा झालेला भुसा थेट बॉयलरच्या भट्टीत घालता येई.

१७/
जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, जेम्स डायसन या इंग्रज संशोधकाने लाकडाच्या गिरणीवरचे असेच नरसाळे पाहिले आणि ते घरातील व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवता येईल का, असा विचार केला. त्याला ५,१२७ नमुने करावे लागले. आजच्या घरांतील पिशवी नसलेले व्हॅक्यूम क्लीनर हे असे सुतारकामाचे नातेवाईक आहेत.

१८/
या साऱ्या खटाटोपामागचे हेतू पाहावेत. आग लागू नये. इंधन वाया जाऊ नये. यंत्राभोवती भुशाचे ढीग साचून काम अडू नये. कामगाराच्या फुप्फुसाचा उल्लेख या यादीत नाही, आणि त्याचा परिणाम यंत्राच्या रचनेत दिसतो. सायक्लोन जाड भुसा उत्तम पकडतो; सर्वांत बारीक धूळ मात्र मधल्या नळीतून हवेबरोबर निसटू शकते. बॉयलरच्या दृष्टीने तो तोटा नगण्य होता.

१९/
वैद्यकाने हा विषय त्याआधीच पाहिला होता. इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लाकूडकाम करणाऱ्यांचाही समावेश केला. रोग्याला वैद्याने विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तू धंदा कोणता करतोस? त्यांनी शिकवलेला हा प्रश्न अडीचशे वर्षांनी एका इंग्रजी गावात निर्णायक ठरला.

२०/
त्या गावाचे नाव हाय विकम. लंडनच्या वायव्येला, बीच वृक्षांच्या रानांनी वेढलेले, खुर्च्यांसाठी ख्यातनाम. तेथील जुने कारागीर रानातच झोपडी बांधून, नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाचे पाय कातून गावातल्या खुर्चीकारांना विकत. ओल्या लाकडाची धूळ होत नाही, सालीच निघतात. शिवाय डोक्यावर आभाळ. आपल्या अंगणातील सुताराशी त्यांचे विलक्षण साम्य आहे. नंतर कारखाने आले, वाळवलेले लाकूड आले, यंत्रावर घासणे आले. १९६० च्या दशकात तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले, की नाकाच्या पोकळीतील एरवी अत्यंत दुर्मीळ असा एक कर्करोग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत आहे, आणि येणारा रोगी बहुधा फर्निचरच्या कारखान्यातला आहे.

२१/
ऑक्सफर्डमधील शल्यचिकित्सक रोनाल्ड मॅकबेथ यांनी १९६५ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. रोगपरिस्थितीविज्ञानाचे अभ्यासक डोनाल्ड अॅचेसन यांनी हॅडफिल्ड व मॅकबेथ यांच्यासह नोंदी तपासल्या आणि १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांना हा रोग होण्याचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते. १९६९ मध्ये ब्रिटनने त्याला धंद्यामुळे होणारा, भरपाईस पात्र असा रोग म्हणून मान्यता दिली. चार-पाच वर्षांत दवाखान्यातील शंकेपासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास, सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असा वेग क्वचित दिसतो.

२२/
वेग होता तो शास्त्राला. रोगाला मुळीच नव्हता. धुळीशी पहिला संबंध आणि रोगाचे निदान यांत सरासरी सुमारे ४० वर्षांचे अंतर निघाले. पंधराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाला पंचावन्नाव्या वर्षी नाकातून रक्त येऊ लागते. मधल्या काळात त्याला वाटते, धूळ आपल्याला बाधत नाही. जी हानी ४० वर्षे उशिरा समोर येते, तिची साखळी एकट्या माणसाला आपल्या अनुभवातून जोडता येत नाही. त्यासाठी संपूर्ण गावाची नोंद लागते. ‘आमच्या आज्याने जन्मभर हेच केले, त्याला काही झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच खोटे नसते, पण पुरावा म्हणून निरुपयोगी असते. आणि आज्याच्या हातात तर वाकस होता.

२३/
१९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे मानवात निश्चितपणे कर्करोगकारक अशा घटकांत ठेवले. मुख्य पुरावा ओक व बीचसारख्या कठीण लाकडांचा होता. दमा, नाकाचा जुनाट दाह आणि त्वचेचे विकार हे निराळे. सागवान आणि शिसव या मराठी घरांच्या लाडक्या लाकडांत त्वचेला ॲलर्जी आणू शकणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. वाळवीला दूर ठेवणारे सागवान माणसाशीही सौम्य वागेलच असे नाही.

२४/
भारतात कायदा काय म्हणत होता? १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या यंत्रशक्तीवरील कारखान्यांपुरता होता. स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा फार पुढे गेला. त्याचे कलम १४ धूळ आणि धूर यांवर होते आणि त्यात एक सूक्ष्म, अचूक तांत्रिक अट होती: हवा खेचणारे साधन बसवावे लागल्यास ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ असावे.

२५/
या अटीमागचे शास्त्र कोणालाही घरी पडताळता येते. पेटलेली मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवून फुंकर मारली तर ती विझते. आता त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहावी. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने बाणासारखी जाते; ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते. खेचणाऱ्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर गेले, की हवेचा वेग साधारण दशांशावर येतो. चार इंची नळी करवतीच्या पात्याला खेटून असेल तर ती धूळ पकडते. एक फुटावर असेल तर ती केवळ आवाज करते.

२६/
कायद्याची भाषा उत्तम होती. प्रश्न होता तिच्या उंबरठ्याचा. १९४८ च्या व्याख्येनुसार यंत्रशक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगार असले तरच ती जागा ‘कारखाना’ ठरे. कलम ८५ राज्य सरकारला लहान जागांनाही कायदा लागू करण्याचा अधिकार देत होते, परंतु एक अपवाद ठेवत होते: मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल, तर नाही. पुढे महाराष्ट्राने २०१५ मध्ये दहा-वीसची मर्यादा वीस-चाळीसवर नेली. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने देशभरासाठी तेच आकडे स्वीकारले.

२७/
घराच्या पडवीत बाप आणि मुलगा काम करतात ती जागा कायद्याने मोकळी सोडली, त्यामागे छोट्या कारागिराला निरीक्षकाच्या जाचातून वाचवण्याचा सद्हेतू असू शकतो. पण महाराष्ट्रातील नामांकित लाकूडकाम नेमके तेथेच चालत आले आहे. सावंतवाडीची कातीव, रंगीत खेळणी चिताऱ्यांच्या घरांत घडली. मिरजेचे सतार आणि तंबोरे, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते राहत्या घरांना लागून असलेल्या छोट्या कार्यशाळांतून बाहेर पडतात. नगरच्या गावोगावी सुताराचे दुकान आजही बहुधा घराच्याच भिंतीला टेकलेले पत्र्याचे असते. वीज आली, मागोमाग चक्री करवत, रंधा मशीन आणि हातातला सँडर आला; नंतर एमडीएफ आले, ज्यात लाकडाच्या तंतूंना फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेने जोडलेले असते. तीच धूळ भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात, झोळीतल्या पोराच्या श्वासात जाते. कारखान्यातील कामगार संध्याकाळी धुळीतून बाहेर तरी पडतो.

२८/
घरच्या कार्यशाळेत काय साधते, याचे उत्तर इतिहासातच विखुरलेले आहे. कलम १४ चे तत्त्व सर्वांत आधी: धूळ जेथे जन्मते तेथेच धरायची, खोलीभर पसरल्यावर नव्हे. मग फिंच यांचे नरसाळे: व्हॅक्यूम क्लीनर आणि यंत्र यांच्यामध्ये झाकणबंद पिंपावर बसवलेला छोटा सायक्लोन जाड भुसा पिंपात टाकतो, त्यामुळे पुढचा फिल्टर लवकर तुंबत नाही. निसटलेल्या बारीक धुळीसाठी तो पुढचा फिल्टर चांगला हवा. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी जे गाळणे विकसित झाले, त्याचेच आजचे नाव हेपा. त्याची कसोटी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवण्याची आहे. सैल विणीची कापडी पिशवी याच्या नेमकी उलट वागते. ती दिसणारा भुसा ठेवून घेते आणि न दिसणारी धूळ दाबाने खोलीत परत फेकते, इतकी की यंत्र चालू असताना हवा आणखी वाईट होते.

२९/
ज्याला फिल्टर परवडत नाही त्याला अंगण आहे. सँडरचे काम दाराबाहेर, वाऱ्याला पाठ देऊन केले, तर ते घरातल्या कोणत्याही स्वस्त पंख्यापेक्षा सरस ठरते. आत करावे लागले तर एका खिडकीत बाहेर तोंड केलेला पंखा आणि समोरच्या बाजूने येणारी ताजी हवा. तोंडाला उपरणे बांधण्याची रीत जुनी आहे, पण कापडाची वीण जाड भुशासाठीच पुरते. बारीक धुळीला एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो, आणि तो यंत्र बंद केल्याबरोबर काढून चालत नाही. कोरड्या केरसुणीने झाडणे म्हणजे दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठवणे. येथे आजीचा सडा अजूनही उपयोगी आहे: जमिनीवर आधी पाणी शिंपडायचे, नंतर ओला केर भरायचा. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय मात्र यंत्रयुगाची देणगी आहे.

३०/
१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सँडरच्या मागच्या बाजूला एक लहान गोल तोंड असते. पुष्कळ सुतार त्यातून उडणारा भुसा अंगावर येऊ नये म्हणून यंत्र किंचित तिरके धरतात. ते तोंड नळी जोडण्यासाठी ठेवलेले असते.